वच्छलाचं लंडन

चैत्रातल्या भर दुपारी मुंबईची गाडी सोलापूर स्टेशनात थांबली आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक बाई लोकरीचा कोट घालून उतरली. अंगावर नऊवारी लुगडं आणि वरून गुडघ्यापर्यंत आलेला जाडजूड काळा कोट. फलाटावरचे हमाल ओझं खाली ठेवून बघत राहिले. उन्हानं लोखंडी खांबाला हात लावता येत नव्हता आणि ही बाई गळ्यापर्यंत बटणं लावून, पत्र्याची ट्रंक उचलून शांतपणे बाहेर चालली होती.

बाहेर रांगेत पहिला टांगा धोंडीरामचा होता.

"बाई, थंडीताप भरलाय का? दवाखान्यात नेऊ?" त्यानं विचारलं.

"ट्रंकंत मावत न्हाई म्हनून घातलाय."

"एवढा कोट कुटला म्हनायचा?"

"लंडनचा."

"असं व्हय..." धोंडीरामनं ट्रंक उचलून ठेवली. "मी बी आत्ताच पॅरिसास्नं येतोय. बसा."

ती हसली नाही. मागच्या बैठकीवर बसली, गिरणीच्या चाळीचा पत्ता सांगितला. चाळ दिसायला लागली तेव्हा मागून आवाज आला, "पॅरिस म्या न्हाई बघितलं. कसं हाय?"

धोंडीरामनं मान वळवून पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं — हसू म्हणावं तर हसू नव्हतं. त्या नादात त्यानं घोडा भलत्याच गल्लीत घातला.

वच्छला मूळची सांगोल्याकडची. लग्नानंतर लवकरच नवरा पटकीनं गेला, पुढं पावसानंही पाठ फिरवली, तेव्हा ती सोलापुरात मावशीकडे, सोजरबाईकडे आली. सोजरबाई गिरणीत कामाला होती. तिच्या ओळखीनं वच्छला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आया म्हणून लागली. साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं तेव्हा पोरं सांभाळायला तिलाही बोटीत घेतलं. पुढच्या वर्षी ती परत आली ती एकटीच. एकटी का, हे तिनं मावशीलाही सांगितलं नाही.

लंडन पाहून आलेली आया म्हटल्यावर तिला दुसऱ्या साहेबाकडे लगेच काम मिळालं. त्यांची लहानगी बेबी संध्याकाळी तळ्यावर हवा खायला जायची, त्यासाठी रोजचा टांगा लागत होता. तो धोंडीरामनं कसा पटकावला हे त्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी वच्छला बेबीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर आली तर टांग्याला नवी गादी, घोड्याच्या गळ्यात नवे घुंगरू, आणि धोंडीराम आभाळाकडे बघत उभा.

मग रोज संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकाकडून तळ्यापर्यंत लंडनच्या गोष्टी चालायच्या. बेबी तिच्या मांडीवर पेंगायची. वच्छला मागं तोंड करून बोलायची, धोंडीराम पुढं तोंड करून ऐकायचा.

राजवाड्याच्या दारात लाल डगल्यातले शिपाई उभे असतात, डोक्यावर अस्वलाच्या केसांची टोपी, माशी बसली तरी पापणी हलवत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आली तर धोंडीराम चाबूक खांद्याला लावून तस्सा उभा. तिनं त्याच्या नाकासमोर पदर हलवला. पापणी हलली नाही, पण मिशी हलली.

नदीकाठी एक घड्याळ आहे, आभाळाला टेकलेलं. "देवळातली घंटा कानाला ऐकू येती," ती म्हणाली, "त्या घड्याळाचा टोला बरगडीत ऐकू येतो." एका चौकात उंच खांबावर कुणी सरदार उभा आणि खाली चार काळे सिंह बसलेले, एकेक बैलाएवढा. पुढं एक देऊळ, त्याचा घुमट इतका मोठा की आख्खी चाळ आत मावावी. आणि पूल... पूल मधोमध फाकतो, दोन्ही हात वर करून उभा राहतो आणि मधून जहाज जातं.

"अन् पुलावरचं घोडं?"

"थांबतं."

"माझं न्हाई थांबायचं."

"मंग पडा पान्यात."

तो मोठ्यानं हसला. उतरताना तिनं बेबीला त्याच्या हातात दिलं, बोटांना बोटं लागली आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

पण एक गोष्ट धोंडीरामला खटकत होती. पुलाची गोष्ट निघाली की तिचा आवाज हसरा असायचा, हात मात्र पदराचं टोक बोटाला आवळून गुंडाळत राहायचे. मागं वळून बघितलं की ती पटकन हात लपवायची.

धोंडीरामची पहिली बायको तापात गेली होती. आता लेकाच्या मनात वच्छलाशी पाट लावायचं आलंय, हे त्याच्या आईनं, बजाबाईनं, न सांगता ओळखलं. नळावर बायका काय काय बोलत होत्या. एवढं थोरलं शहर परक्या बाईला फुकट कोण दाखवतंय? कुणा गोऱ्याच्या संगतीनं हिंडली असणार, म्हणून तर साहेबानं टाकून दिली. बजाबाईनं जेवता जेवता सांगून टाकलं की समुद्रापलीकडं काय काय करून आलेली बाई ती उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

धोंडीरामनं ताट सरकवलं. त्याचा विश्वास नव्हता. पण बोलणं कानात शिरलं होतं, ते निघेना.

दुसऱ्या संध्याकाळी तळ्याच्या काठावर त्यानं घोडा थांबवला. "येक इचारू?"

"इचारा की."

"हे समदं बघितलंसा... तवा संगं कोन हुतं?"

तळ्यावरचा वारा एकदम पडल्यासारखा वाटला.

"तुमी इचारताय का तुमची आई?"

ती खाली उतरली, झोपलेल्या बेबीला खांद्यावर टाकलं आणि बंगल्यापर्यंत पायी चालत गेली. धोंडीराम रिकामा टांगा घेऊन मागून येत राहिला. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मेमसाहेबनं सांगितलं की उन्हाळा सोसत नाही, सगळे लंडनला जाणार, आयानं बरोबर यायचं. सोजरबाईला आनंद झाला. तशी नोकरी पुन्हा कुठं मिळणार? वच्छला हो म्हणाली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पुढं रोजच जाईना.

टांगा रोज येत होता, पण गोष्टी बंद झाल्या होत्या. एकदा धोंडीराम एवढंच म्हणाला, "जाताय म्हनं." ती म्हणाली, "व्हय." त्याला म्हणायचं होतं, नका जाऊ. पण कोणत्या तोंडानं म्हणावं? तिला वाटत होतं, हा थांबवेल. त्याला वाटत होतं, हिला जायचंच आहे. घुंगरू तेवढे वाजत राहिले.

निघायचा दिवस आला. साहेब, मेमसाहेब आणि बेबी मोटारीतून पुढं गेले. मोठ्या पेट्यांबरोबर वच्छलाची ट्रंकही बैलगाडीतून आधीच गेली होती. तिला न्यायला धोंडीराम आला. अर्धा रस्ता झाला. मग त्यानं वळून पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटाला आवळून गुंडाळलं होतं आणि या खेपेला हात लपवले नाहीत.

त्यानं कडुनिंबाखाली टांगा थांबवला. "माझं चुकलं त्या दिशी. पर तुमी भ्यालाय. कशाला भ्यालाय ते सांगा."

आणि वच्छलानं सांगितलं. पहिल्यांदाच, आणि सरळ त्याच्याकडे बघत.

"लंडनला गेल्यावर त्या पयल्या साहेबास्नी तितली आया मिळाली. मला येका मोठ्या ठेसनात नेलं. त्यांची मेमसाहेब म्हनली, हितं थांब, आलेच. म्या थांबले. दोपार झाली, कुनी आलं न्हाई. मंग हुडकायला निघाले... राजवाडा लागला, घड्याळ लागलं, सिंह लागले. पाऊस भुरभुरत हुता. मानसं ती बघायला येत्यात, मी मानसांची तोंडं बघत फिरत हुते. तिची टोपी दिसती का, पोरं दिसत्यात का. देवळापाशी बसले, तितनं उठवलं. अंधार पडायला पुलावर आले. पूल फाकला, जहाज गेलं. मला वाटलं हेच मुंबईला जात आसंल. खाली पानी काळं हुतं... त्यात उतरावं वाटलं. येका पोलिसानं दंड धरला. टाकून दिलेल्या आयांचं येक घर हाय तितं, आमच्यासारक्या लई हुत्या. तितं नेलं. आख्खा हिवाळा वाट बघितली, तवा येका कुटुंबासंगं बोट मिळाली." ती थांबली. "संगं कोन हुतं, इचारलंत न्हवं?"

दूर गाडीची शिट्टी झाली.

"मला तुमी हवाय," तो हळूच म्हणाला. "पर भ्याला म्हनून नगा थांबू, अन् मी म्हनतो म्हनूनबी नगा थांबू. जायचं आसंल तर जा. मी हितं हाय. फकस्त परतीचं तिकीट आपल्या हातात घ्या, मंगच गाडीत पाय ठेवा."

"अन् दिलं न्हाई तर?"

"मी ठेसनाच्या दारातनं टांगा हलवत न्हाई."

फलाटावर गाडी लागली होती. मेमसाहेब डब्याच्या दारात उभी राहून घाई करत होती. वच्छला तिच्यासमोर जाऊन थांबली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत, तिनं परतीचं तिकीट मागितलं. मेमसाहेबला आधी कळेचना. कळल्यावर ती लाल झाली. माझ्यावर भरवसा नाही का, तिनं विचारलं. साहेबानं आतून घड्याळ पाहत सांगितलं की तिकीट अजून काढलेलं नाही, लंडनला गेल्यावर बघू, आता चढ.

बेबीनं दोन्ही हात पुढं केले. वच्छलाचं पाऊल पायरीपाशी गेलं. तिनं बेबीला जवळ घेतलं, तिच्या केसांवर ओठ टेकले. गार्डानं शिट्टी फुंकली. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाच्या जाळीमागं, धोंडीराम उभा होता. त्याला तिची पाठच दिसत होती.

तिनं बेबीला आईच्या हातात दिलं आणि एक पाऊल मागं घेतलं. गाडी हलली. बेबीचं रडणं एकेका डब्यामागं बारीक होत गेलं. सामानाच्या डब्यातून वच्छलाची ट्रंकही मुंबईला निघून गेली.

ती फाटकाबाहेर आली तेव्हा तिचे डोळे वाहत होते, पण हात स्थिर होते. टांगा तिथंच होता. ती बसल्यावर धोंडीरामनं लगाम हातात घेतला आणि नुसताच धरून राहिला.

"कुटं घिऊ? मावशीकडं?"

"न्हाई. तुमच्या आईकडं."

"ती लई बोलंल..."

"बोलू द्या की. संगं कोन हुतं, हेच इचारनार न्हवं? सांगती तिला." पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "तवा कुनी न्हवतं म्हनून. आता हाय म्हनून."