दरबारीतला गंधार

त्या साली मिरजेत गाणं लिहायला हात लागत नसे आणि आवाजही लागत नसे. गळ्याला एक पट्टी बांधायची आणि मनातल्या मनात गायचं. आपण मनात गुणगुणतो तेव्हाही गळ्याचे स्नायू कणभर हलतात. ती हालचाल पट्टी टिपते आणि पडद्यावर नोटेशन उमटतं. या सोयीचं नाव कंठलेखणी.

सत्त्याहत्तर वर्षांच्या सगुणाबाई तिकोटेकरांना ती देवासारखी धावून आली. स्वरयंत्रावरच्या गाठीने त्यांचा आवाज नेला होता, उरली होती कुजबूज. त्यांच्या गुरूंच्या, बुवांच्या, एकशे चाळीस बंदिशी मात्र आता फक्त त्यांनाच येत होत्या. बुवांनी कधी ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. दरबारी रागातला गंधार, तो आंदोलन घेणारा स्वर, तर ते कागदावरही उतरवू देत नसत. शिष्याची दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवून म्हणत, "हा झुलतो. बोटांनी शीक."

कंठलेखणी घडवणाऱ्या डॉ. शलाका दंडवतेची बोटंही बाईंनी पहिल्या भेटीत तशीच धरली होती. मुका गंधार बोटांखाली झुलला आणि शलाकाच्या अंगावर काटा आला.

लेखणीत तेव्हा 'समर्थ' ही एकच पद्धत होती. स्वरावरून स्वरावर घसरणारी प्रत्येक मींड, प्रत्येक कंप यांसाठी मिळून तीनशे बारा खुणा, आणि प्रत्येक खूण गायकाने स्वतः तपासायची. गवयांनी शलाकाचा उद्धार केला. बाईंच्या दोन महिन्यांत दोन बंदिशी झाल्या, त्याही रडतकुढत. मग शलाकाने 'सुलभ' पद्धत आणली. लेखणी पेटीवरच्या बारा स्वरांपैकी सगळ्यांत जवळचा धरायची, ओळ वाजवून दाखवायची आणि विचारायची, "हेच ना?" मान हलवली की काम झालं. बाई रोज एक बंदीश उरकू लागल्या. दरबारी तेवढी त्यांनी शेवटी, 'समर्थ'मध्ये लिहायला राखून ठेवली.

दरबारीची पाळी आली त्या दिवशी शलाका नाचतच आली. "बाई, 'समर्थ' अवघड आहे अशी तक्रारच येत नाही आता! देशभरातून एकही नाही!"

"बरं झालं. बांध पट्टी."

बाईंनी डोळे मिटले. पडद्यावर गंधार उमटला. सरळ, साधा, पेटीवरच्या सुरासारखा.

"तुझं यंत्र खोटं बोलतंय गं," बाई कुजबुजल्या.

शलाकाने पट्टी आवळली, पुन्हा लिहून घेतलं. गंधार सरळच. तिने घाईघाईने 'समर्थ'च्या देशभरच्या नोंदी उघडल्या. तीनशे बारांपैकी बाराच खुणा वापरात उरल्या होत्या. ऐकलेला स्वर गळा नकळत मुक्याने गिरवतो, हे तिला पाठ होतं. लेखणी गायकांना ओळखायला शिकतेय, या आनंदात ती होती. इकडे प्रत्येक होकाराबरोबर गळेच लेखणीकडून शिकत होते.

"बाई, हे... यंत्राचं नाही."

"मग कुणाचं?" बाईंनी पट्टी काढून फेकली, शलाकाची दोन बोटं ओढून आपल्या गळ्यावर ठेवली आणि मनात गाऊ लागल्या.

बोटांखाली गळा किंचित वर सरकला आणि थांबला. झुललाच नाही. शलाकाला रडू फुटायच्या बेतात होतं.

बाईंनी डोळे उघडले. चेहऱ्यावर निखळ समाधान होतं.

"बघ कसा झुलतो," त्या म्हणाल्या. "हेच ना?"

शलाकाने मान हलवली.