कंस न दिलेलं गणित

इरावती पाळंदेचा निद्राकोश उघडला, तेव्हा टायटनकडे निघालेल्या त्या यानात दुसरं कुणीच जागं नव्हतं. शेजारच्या कोशात तिचा नवरा विश्राम झोपला होता. दोघांनी नऊ वर्षांनी, एकाच दिवशी जागं व्हायचं ठरलं होतं. घड्याळ मात्र सांगत होतं, की निघून जेमतेम एक वर्ष झालंय.

तिने पृथ्वीवर निरोप पाठवला. शीतनिद्रेची यंत्रणा सांभाळणाऱ्या गुलनार इनामदारचं उत्तर यायला दीड तास लागला.

"ताई, दोन्ही कोशांना विश्रामसरांनी लिहिलेली एकच ओळ दिली होती. बहात्तर भागिले दोन, आणि त्या दोनला चिकटून कंसात एक अधिक दोन. बहात्तर हे अंतर, दोन हा वेग. सरळ गेलात तर छत्तीस महिने. वळशाचा मार्ग तिप्पट, म्हणून एकशेआठ. सरांचा कोश डावीकडून उजवीकडे वाचतो, त्याला एकशेआठच मिळाले. तुमचा कोश दुसऱ्या कारखान्यातला. कंसाला चिकटलेला आकडा तो आधी गुणतो. बे त्रिक सहा, बहात्तर भागिले सहा, बारा."

"मग चुकलं कोणाचं?" इरावतीने विचारलं.

पुन्हा दीड तास.

"यंत्रांचं नाही. हा काही निसर्गनियम नव्हे, माणसांनी आपसांत ठरवलेली रीत आहे; आणि दोन ठिकाणी ती वेगळी ठरली. सरांनी आणखी एक कंस दिला असता, तर प्रश्नच नव्हता." गुलनारचा आवाज जरा उतरला. "तुमचं शरीर आता दहा वर्षं तरी शीतनिद्रा सोसणार नाही. सरांना मात्र उठवता येईल. हरितगृहात दोघांपुरतं पिकतं. तुम्हीच ठरवा."

उठवलं तर सोबत मिळणार होती. पण त्यासाठी त्याच्या आयुष्यातली आठ वर्षं, त्याला न विचारता, या पत्र्याच्या नळीत घालवावी लागणार होती. इरावती त्याचा कोश उघडायच्या कळीपर्यंत गेली आणि परत आली.

तिने मेथी पेरली. गुलनारशी आधी यंत्रांबद्दल, मग तिच्या लेकीच्या शाळेबद्दल बोलू लागली. विश्रामच्या कोशाची काच रोज पुसायची, भांडायचं असलं की तिथेच बसून भांडायची. एकदा तापाने फणफणली, तेव्हा तिचा हात कळीवर बराच वेळ होता.

एकशेआठाव्या महिन्यात विश्रामने डोळे उघडले. तिच्या केसांतली पांढरी बट त्याला आधी दिसली. तिने सगळं सांगितलं.

त्याने बोटांवर वर्षं मोजली. निघताना ती तेहतीसची होती, तो एकेचाळीसचा. आणि शीतनिद्रेत वय वाढत नाही.

"म्हणजे आता तू माझ्याएवढी," तो म्हणाला.

"चार महिन्यांनी मोठीच आहे. तू नीट जागा हो आधी."

"इरा, मला उठवलं का नाहीस?"

"रोज उठवणार होते," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकली.