डावीकडची शेवटची पट्टी

वीज गेली आणि तालीम आपोआप थांबली. काली शहरातल्या ओब्रेरो भागात वीज गेली म्हणून कोणी हळहळत नाही. शिवाय ती सात डिसेंबरची, मेरीमातेच्या मेणबत्त्यांची रात्र. साऱ्या गल्लीने आधीच फुटपाथवर मेणबत्त्यांच्या रांगा लावलेल्या होत्या. ऑर्केस्ट्रातली पोरं वाद्यांच्या रिकाम्या पेट्यांवर पाय सोडून बसली. ट्रॉम्बोनवाल्या पोराने म्हाताऱ्या एलिएसेरला डिवचलं, की आजोबा, तो वेइमार लुकुमी म्हणे पूर्वी इथेच पियानोवर होता. एवढा हात असलेला माणूस हमरस्त्यावरच्या खानावळीत एकटाच काय वाजवत बसलाय?

एलिएसेरचा उभा जन्म कोंगा ढोल बडवण्यात गेलेला. त्याने तळवे एकमेकांवर चोळले आणि बाजूला थुंकला.

"सांगतो. पण मध्येच खिदळायचं नाही. आणि ज्याचं जेवण राहिलंय त्याने आत्ताच जाऊन जेवून यावं. नंतर घास उतरायचा नाही."

कोणी उठलं नाही. मग त्याने सांगितलं ते हे.

दोन वर्षांपूर्वीची हीच रात्र. गुरुवार होता. वेइमार तेव्हा ऑर्केस्ट्राच्या पियानोवर बसायचा, पण पियानो कसला, हलक्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं एक वाद्य. फुंकर मारली तरी पट्टी दबेल असं. ऑर्केस्ट्राची मालकीण दोन्या नोरा, म्हणजे आपली नोराबाई. तिने त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की डिसेंबरअखेरच्या जत्रेत मोठ्या मंचावर हे खेळणं चालायचं नाही आणि नंतरच्या ध्वनिमुद्रणात तर नाहीच नाही. सोमवारपर्यंत पियानोसारख्या जड पट्ट्यांचं वाद्य आण, नाहीतर खुर्ची दुसऱ्याची. नोराबाई एकदा बोलली की बोलली. ती खुर्ची मिळवायला वेइमारने आठ वर्षं लग्नाच्या मांडवांत आणि बारशांत हात झिजवले होते. ती गेली तर पुन्हा तिथेच.

नवं घेणं त्याच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, सान निकोलासमध्ये एका घरात जुना सिंथसायझर विकायचा आहे. पूर्ण लांबीचा, जड पट्ट्यांचा. वाजवणारा वारला.

वारलेला म्हणजे हेर्मिन्सुल. हा एकटा माणूसच अख्खा ऑर्केस्ट्रा होता. ढोल यंत्रातून, उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने खर्जातला बास. खानावळीत लोक मटण चघळत असायचे आणि हा कोपऱ्यात वाजवत असायचा. आपण सगळे त्याला हसायचो, वेइमार सगळ्यात जास्त. ज्याला मित्र नाहीत त्यालाच डावा हात एवढा लागतो, असं म्हणायचा. त्या डाव्या हाताची करंगळी पहिल्या पेरापाशी तुटलेली होती, लहानपणी उसाच्या चरकात गेलेली. त्या थोटक्यानेच तो सगळ्यात खालचा सूर दाबायचा.

माणूस वारला तो वाद्यावरच. भर उकाड्यात, दारं-खिडक्या बंद, आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना वास आला. दार फोडलं तर उजवा हात मांडीवर आणि डावा पट्ट्यांवर. कसा असेल तो हात, ते मी सांगत नाही. तुम्हीच समजा.

वेइमार तिथे गेला तेव्हा दार उघडलं ते हेर्मिन्सुलच्या पुतण्याने, फायबेर नाव. हातात उकडलेलं चोंतादुरोचं फळ, त्याचा पिवळा पिठूळ गर ओठांना लागलेला, चोथा दारातच थुंकून देतोय. आत भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर काळी फीत, खाली पाण्याचा पेला. मेल्यावर नऊ रात्री प्रार्थना चालते आणि नववी होईपर्यंत गेलेला माणूस त्या घरातच असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तोवर त्याची खुर्चीसुद्धा कोणी हलवत नाही. इथे शेवटची रात्र अजून व्हायची होती, आणि हा भाडखाऊ चुलत्याचं वाद्य विकायला बसला होता.

वेइमारने चादर पाहिली. पेलाही पाहिला. आणि नजर वळवली.

फायबेर म्हणाला, "आज रात्री प्रार्थना आहे, पण त्याला आता वाद्याचं काय करायचंय? बघून घे, माझ्या हाताला चिकट लागतं सगळं." आणि तोच गराने माखलेला हात त्याने पट्ट्यांवरून फिरवला.

वाद्य बघून किळस यावी असंच होतं. पट्ट्या पिवळट, दातांवर चढलेल्या किटणासारख्या. फटींतून दुसऱ्याच्या घामाचं काळं मेण, एक आखूड पांढरा केस. तार लावायच्या भोकात मेलेलं झुरळ. वेइमारने झुरळ काडीने उकरलं, हेडफोन लावला आणि कामाला लागला. त्याला काम येत होतं, ते मान्य करावंच लागेल. पट्टी हळू दाबून पाहिली, मग जोरात, दोन्हींत आवाज वेगळा निघतो का. पेडल धरून एकावर एक सूर चढवले, मागचे कधी गळायला लागतात ते ऐकलं. जुन्यात गळतातच, पण उशिरा गळले. काहीच न वाजवता कान लावून बसला. सळसळ जवळजवळ नाही, म्हणजे ध्वनिमुद्रणाला चालेल. वाद्यावरचा आकड्यांचा पडदा मंद होता, तो चालतो. एक टोक उचललं. मंचावर चढवायला दोन माणसं लागतील, लागू देत. मग त्याने आपला तुंबाव, पियानोची फिरून फिरून येणारी चाल, धरला, दोन्ही हात मधल्या पट्ट्यांवर, आणि बोटांखाली असं काही उमटलं की त्याला रडू फुटायचं राहिलं.

सगळं तपासलं. फक्त डावीकडचं शेवटचं सप्तक सोडून.

हसू नका. तुमच्यातल्या कोणीही हेच केलं असतं. आपल्या संगीतात खर्ज बासवाल्याचा. पियानोवाल्याचा डावा हात तिकडे घसरला तर नोराबाई ताल धरायचा लाकडी दांडका, क्लाव्ह, मनगटावर मारते; वेइमारने कितीदा खाल्लाय. ते सप्तक त्याच्या हिशेबी वाद्यात नव्हतंच. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

फायबेरने मागितलेली रक्कम इतकी थोडी होती की घेणाऱ्यालाच लाज वाटावी. वेइमारला वाटली नाही.

टॅक्सीच्या टपावर बांधून वाद्य घरी आणलं. त्याची आई, दोन्या उबाल्दिना, फुटपाथवर मेणबत्त्या लावत होती. वाद्य तिच्यासमोरून गेलं तशी तिने नाकाला पदर लावावा तसा ॲप्रन लावला. कोणाचं आहे, तिने विचारलं. दुकानातलं, तो म्हणाला.

"दुकानाला असला वास येतो?"

"जुनं आहे ग. पुसतो ना."

"आधी ते वर ठेवून खाली ये, तुझी मेणबत्ती लाव. मग काय ते पूस."

येतो म्हणाला. गेला नाही.

माडीवरच्या खोलीत त्याने वाद्य मांडलं, स्पिरिटने पुसलं. बोळा काळा झाला, मग तांबूस. त्याला वाटलं गंज असेल. हेडफोन लावला आणि तुंबाव सुरू केला. खाली लोक गात होते, मेणाचा वास वर येत होता. जत्रेचा मंच, दिवे, नोराबाईची मान डोलतेय, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तो वाजवत राहिला. किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की बास चालू आहे.

आपला बास कसा चालतो, माहीत आहे. पहिल्या मात्रेवर कधी पडत नाही, आधीच येऊन उभा राहतो. तसाच येत होता. बरोबर, सफाईने, त्याच्या तुंबावाला हात देत. वेइमारला क्षणभर बरंच वाटलं, लाज वाटावी असं बरं. मग त्याने हात उचलले.

बास थांबला नाही.

त्याने डावीकडे पाहिलं. शेवटच्या सप्तकातल्या पट्ट्या दबत होत्या. वर येत होत्या. पुन्हा दबत होत्या... आणि वर येताना प्रत्येक पट्टीमागून एक लाल तार ताणली जात होती, शेंबडासारखी, आणि तुटत होती.

त्याने वाद्य बंद केलं. पडदा विझला.

पट्ट्या चालूच होत्या. आता नुसताच आवाज, ओल्या जिभेने टाळू सोडावी तसा. चप... चप... 

त्याने भिंतीतून तार उपटली. ती हातात घेऊन उभा राहिला.

चप.

गोंद, पोरांनो. मला माहीत आहे. असल्या जुन्या वाद्यांत पट्टीच्या आत वजन चिकटवायला लाल गोंद असतो, आपल्या उकाड्यात तो वितळतो, वजनं सुटतात, पट्ट्या लोंबतात. कुठलाही दुरुस्तीवाला सांगेल. वेइमारलाही ते आठवलं. म्हणूनच तो पुढे झाला. म्हणूनच त्याने शेवटची पट्टी करंगळीने दाबून पाहिली.

पट्टी खाली गेली.

करंगळी निघेना.

त्याने ओढली. त्वचा ताणली. खालून कोणीतरी धरलं होतं... गरम. मऊ. त्या मऊपणात हाड नव्हतं. वास आला. चोंतादुरो आंबल्यासारखा. मग त्याहून वाईट. तोंडात आला तो वास. त्याला थुंकायचं होतं, पण थुंकता येईना.

आईला हाक मारायची होती.

...

खाली गाणं थांबलं होतं.

मग त्याच्या डाव्या हाताची बाकीची बोटं आपोआप पसरली. एकेक करून. पट्ट्यांवर टेकली. आणि वाजवू लागली... तो वाजवत नव्हता.

...

एलिएसेरने इथे पुन्हा तळवे एकमेकांवर चोळले. बाहेर एक मेणबत्ती फडफडून विझली.

आई वर आली तेव्हा वेइमार जमिनीवर पडलेला होता, म्हातारा पुढे सांगू लागला. करंगळीच्या टोकाचं कातडं पट्टीला राहिलेलं. तिने वाद्यावर चादर टाकली आणि त्याचा हात परातीत धुतला. पाणी तीनदा बदललं, तांबडं ते तांबडंच.

उजाडताच तो वाद्य घेऊन सान निकोलासला गेला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, फायबेर पैसे घेऊन पळाला. रात्रीची प्रार्थना झालीच नाही, चादर उतरवून मेलेल्याला निरोप द्यायला कोणी नव्हतं. पेला अजून आतच आहे. वेइमारने वाद्य दारात ठेवलं, गुडघे टेकून जेवढी येत होती तेवढी प्रार्थना म्हटली आणि मागे न बघता निघून आला.

सोमवारी नोराबाईने खुर्ची दुसऱ्याला दिली. वेइमारने भांडण केलं नाही. जत्रा झाली, ध्वनिमुद्रण झालं. आणि मार्चच्या सुमारास मला कळलं की हेर्मिन्सुलच्या खानावळीत, त्याच कोपऱ्यात, वेइमार आपलं जुनं हलकं वाद्य मांडून बसतो. ढोल यंत्रातून, उजव्या हाताने चाल.

"आणि बास?" ट्रॉम्बोनवाल्याने विचारलं.

"डाव्या हाताने. मी गेलो होतो ऐकायला. ज्या पोराला खर्ज माहीत नव्हता, त्याचा डावा हात... शहरातले बासवाले त्याला ऐकायला जातात रे. जेवतात आणि ऐकतात. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या हाताकडेही पाहत नव्हता. वाजवताना तोंड असं, जणू तोंडात काही कुजलेलं धरलंय आणि थुंकायला जागा नाही. करंगळी मात्र वर धरलेली. शेवटच्या पट्टीला तो एकदाही शिवला नाही. मी सबंध वेळ तेवढंच बघत होतो."

एलिएसेरने खिशातून चौपट घडी केलेला रुमाल काढला.

"त्याचं वाद्य तेच प्लास्टिकचं होतं म्हणा. हलकं. आत ना वजन, ना गोंद. वाजवून झाल्यावर तो लघवीला गेला, तेव्हा मी शेवटची पट्टी पुसली."

त्याने रुमाल मेणबत्तीपुढे उलगडला. मधोमध एक लाल ठसा होता. वाटोळा, थोटका. बोटाच्या ठशावर रेषा असतात, तशी एकही नव्हती.

"गेल्या वर्षीच्या मार्चमधला आहे," म्हातारा म्हणाला.

पोरं वाकून बघत राहिली. ट्रॉम्बोनवाल्याने बोट पुढे केलं, ठशावर टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटापासून रुमालापर्यंत एक बारीक लाल तार ताणली गेली आणि तुटली.

त्याने बोट पँटला पुसलं. मग पुन्हा पुसलं.