उत्तरसूचीतला जास्तीचा दोन

छापखान्यात सगळे तिला चिमटा म्हणत, कारण तिच्या नजरेतून चूक सुटत नसे. त्या दुपारी बीजगणिताच्या पुस्तकाची शेवटची पानं यंत्रावर चढणार, तोच उत्तरसूचीपाशी तिने हात वर केला. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नेमके त्याच वेळी पुस्तकाचे लेखक, कॉलेजात शिकवणारे तरुण सर, मुखपृष्ठ बघायला आले होते. प्रुफं वाचणारी मुलगी आपलं गणित तपासते, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

तिने कागद पुढे सरकवला. क्ष अधिक सातचं वर्गमूळ बरोबर क्ष वजा पाच. आपलं चुकलं तर नोकरीवर गदा येईल, हे ठाऊक असूनही तिचा आवाज कापला नाही.

"उत्तरं नऊ आणि दोन छापलीत. दोन घालून बघा की, सर."

सरांनी उभ्याउभ्याच दोन घातला. डावीकडे नवाचं वर्गमूळ, तीन... उजवीकडे मात्र उणे तीन. दोन्ही बाजूंचा वर्ग करताना हे नसतं उत्तर आत शिरलं होतं आणि ताळा करायचा राहून गेला होता. सरांचे कान लाल झाले. पण ते सरळ मालकांकडे वळले आणि म्हणाले की चूक माझी आहे, यंत्र थांबवा.

आता कुठे तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

मालकांनी कुरकुरत आठवडा दिला. दोघं एकाच टेबलाशी सगळी उत्तरं पुन्हा सोडवत बसली. क्षचा दोन-तृतीयांश घात चार, तिथे सरांनी नुसतं आठ लिहिलं होतं. तिने गालात हसत शेजारी उणे आठ लिहिलं. त्याचं घनमूळ उणे दोन, वर्ग चारच. त्यानंतर सर सोपी गणितंही मुद्दाम तिलाच विचारू लागले. चहा निवून जाई, खोडरबरावर दोघांची बोटं एकदमच पडत... आणि कुणीच घाईने मागे घेत नसे.

शनिवारी शेवटचं उत्तर तपासून झालं. सर पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. सोमवारपासून इथे यायला काही निमित्त नाही, असं पुटपुटले — आणि अडखळले.

"निमित्त कशाला हवं?" ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. तुमचं काय?"

"माझं आईशी बोलूनही झालंय," सर म्हणाले. "फक्त... तुलाच विचारायचं राहिलं होतं."

तिला हसू आवरेना. त्यांच्या हातातलं पेन काढून घेत तिने कोऱ्या कागदावर घराचा पत्ता लिहिला.

"उद्या या. बाबा कमी बोलतात, घाबरू नका. मी असेन शेजारी."