ताप उतरल्यावर

"हात पुढे करा," दोघंही एकदमच म्हणाले, आणि दोघांनीही हात पुढे केले.

गोंधळ तिथूनच सुरू झाला. ठमी घरीच कपडे शिवायची. तिला वाटलं, शर्टाचं माप द्यायला गिऱ्हाईक आलंय. तो लॅबमधून रक्त घ्यायला आला होता, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं, आणि एक मजला आधीच थांबला होता. ठमीने टेप त्याच्या मनगटाला लावली मात्र, तो दचकला.

"अहो, केवढे तापलेत तुमचे हात!"

"सकाळी अचानक आला ताप. जाईल आपोआप..."

"डोळे हलवले की मागून दुखतं? सांधे, हाडं ठणकतात?"

"हो! आता माझं भविष्यही सांगून टाका."

"सांगतो ना. आज तुम्ही डॉक्टरांकडे जाणार. डेंग्यू असू शकतो. आणि अंग दुखतंय म्हणून मनाने कुठलीही गोळी घ्यायची नाही. काही गोळ्यांनी रक्तस्राव होतो."

हा कोण लागून गेला, असं ठमीला वाटलं. पण घरात सोबत राहणाऱ्या मावशीने तिला तशीच धरून दवाखान्यात नेली, आणि डेंग्यूच निघाला. डॉक्टर म्हणाले, याला खास असं औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती, मच्छरदाणी आणि रोज रक्ताची तपासणी. ते रक्त न्यायला लॅबने नेमका त्यालाच पाठवला.

"दिवसभर सुईशी खेळता, आणि माझी सुई बघून डोळे मिटता?" तो विचारायचा.

"माझी सुई कापडाला टोचते. कापड बोंबलत नाही."

"बरं, मच्छरदाणीतून हात तेवढा बाहेर काढा. तुम्हाला चावलेला डास दुसऱ्या कुणाला चावला तर त्यालाही व्हायचा."

"म्हणजे माझ्यापासून तुम्हाला धोका आहे म्हणायचा."

"तो आहेच..." तो म्हणाला, आणि उगाचच कापूस शोधत बसला. कापूस त्याच्या हातातच होता.

अंग ठणकत असतानाही ठमी जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून पडायची. ही धडधड तापाची की आणखी कशाची, तिचं तिलाच कळेना.

मग एका सकाळी ताप उतरला. मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला. ठमीने केस विंचरले, स्वतः शिवलेला निळा झगा घातला आणि ऐटीत खुर्चीत बसली. तो आला, कपाळाला हात लावला, रक्त घ्यायला तिचा हात धरला... आणि त्याचा चेहरा पडला.

"पोटात दुखतंय? उलटी? हिरड्यांतून रक्त?"

"नाही."

"लघवी कधी झाली होती?"

निळा झगा घालून बसलेल्या मुलीला हे विचारतात? ठमीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि पोटाचं म्हणाल तर, ते पहाटेपासून दुखतच होतं. पण सांगितलं तर म्हणेल, मी रोज यावं म्हणून सोंग करतेय. काल हसणारा माणूस आज धड बघायलाही तयार नाही! ताप उतरला आणि आपण याच्या मनातून उतरलो, एवढाच अर्थ तिला लागला.

"ठणठणीत आहे मी," ती म्हणाली.

तो गेला. ठमीने पोट दाबून डोकं भिंतीला टेकलं. घाम फुटला होता, हातपाय गार पडत होते. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं.

"तुझे हात गार लागले मघाशी. खरं सांग, दुखतंय ना?"

तो 'तू' ऐकून ठमीला रडूच फुटलं. "दुखतंय... खूप दुखतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"ताप होता तेव्हा हसत होतात, आणि बरी झाले तर तोंड पाडलंत!"

"अगं, डेंग्यूत ताप उतरतो ना, तेव्हाच जास्त जपायचं असतं! रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. घाबरलो होतो मी... मावशी, रिक्षा बोलवा!"

दवाखान्यात तपासल्यावर कळलं, रक्त घट्ट होत चाललं होतं. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं आणि तिला नजरेखालीच ठेवलं. वेळेत आणलंत, म्हणाले. ठमी घाबरली ती तेव्हा. हळूहळू पोट शांत झालं, हातांत ऊब आली, भूक लागली.

घरी जायच्या दिवशी तो आला, रिकाम्या हातांनी. स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"आता रोज रक्त घ्यायचं नाही. म्हणजे मला यायला काही कारण नाही."

ठमीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पण लपवलेलं दुखणं एकदा जिवाशी आलं होतं; पुन्हा तो मूर्खपणा ती करणार नव्हती.

"तू आला नाहीस तर मला करमणार नाही," ती सरळ म्हणाली. "आवडतोस मला."

तो बघतच राहिला. "हे... हे मी बोलणार होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तापातल्या माणसाला असलं काही विचारू नये. भ्रमात हो म्हणून बसतात. म्हणून तुझा ताप उतरायची वाट बघत होतो..."

"उतरलाय," ठमी म्हणाली. "बोल."

आणि तो बोलला. दारात मावशी उभी होती, तरी बोलला.