उजव्या कानाशी

पडाव बाजारातल्या रबर-गॅस्केटच्या दुकानात अवंतिका शिरली तेव्हा दुपार होती, तरी धुक्यानं दिवे लागले होते.

"साठ चकत्या हव्यात. सगळ्या एकाच जाडीच्या."

काउंटरमागच्या तरुणानं मान वळवून उजवी बाजू पुढे केली. "कुठल्या मशीनसाठी?"

"मशीन नाही… आवाजासाठी."

तो हसला. "आवाजासाठी? असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं!"

समरजीत त्याचं नाव. दोन वर्षांपूर्वी दगडाच्या खदानीत सुपरवायझर असताना सुरुंग वेळेआधी उडाला आणि त्याचा डावा कान गेला. तेव्हापासून तो वडिलांच्या दुकानात बसायचा. अवंतिका कॉलेजात पीएचडी करत होती. चकत्या पोचवायला तो स्वतः प्रयोगशाळेत गेला… आणि मग काहीतरी कारण काढून जातच राहिला.

एक चकती पोलादाची, एक रबराची, अशी लांब रांग तिनं लावली होती.

"मोठ्या आवाजाची लाट हवेतून जाताना उभी चढत जाते, धारदार होते. तुमच्या खदानीतला…" ती थबकली. "सॉरी."

"बोला ना."

"इथे तो प्रत्येक थरावर थोडा मागे फिरतो. म्हणून धार येत नाही. एका लाटेच्या छोट्या-छोट्या लाटा होतात, आणि त्या आकार न बदलता पुढे जात राहतात."

"मतलब, मध्ये अशी भिंत असती तर माझा कान…?"

"माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "तेच तर शोधतेय."

फेब्रुवारीत 'तुम्ही'चं 'तू' झालं. मार्चमध्ये त्यानं येणं बंद केलं.

ती दुकानात गेली. शटर अर्धं ओढलेलं.

"उजवा कानही चाललाय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, वर्षभर… फार तर."

"मला संशोधनासाठी बंगळूरला बोलावलंय. दोन वर्षांसाठी. सोमवारी निघायचंय. पण मी नाही जात."

"पागल आहेस का? जा! इथे राहून काय, माझं 'क्या? क्या?' ऐकत बसणार?"

ती काउंटरला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

तिचे डोळे भरले. त्याच्या कानाशी ओठ नेऊन तिनं पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द सुटा करून.

त्यानं डोळे मिटले. "पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं… परत ऐकायचं होतं. अजून येतंय ना ऐकू, तोवर."

"दुष्ट!"

"तू जाऊन ये. ओठ बघून समजायला शिकेन मी. दोन वर्षं पुरतील ना?"



सोमवारी स्टेशनवर तो तिच्या डाव्या हाताला, उजवा कान तिच्याकडे येईल असा उभा राहिला. गाडी येईपर्यंत ती बोलत राहिली… आईच्या गुडघ्याचं, होस्टेलच्या खोलीचं, डब्यातल्या पुऱ्यांचं, काहीबाही. त्यानं मध्ये बोलून तिचा एक शब्दही वाया घालवला नाही.

नुसता ऐकत राहिला.