प्रॉम्प्टरचा आगाऊपणा

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. उमरग्याच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच मास्तरीण झाले होते. एके दिवशी शाळा सुटली, मी ऐटीत रस्त्यावर आले, आणि हैदराबादकडं निघालेल्या एका ट्रकनं रस्त्याची सगळी धूळ माझ्या डोळ्यांत घातली. काही दिसेना. ऐट तिथंच संपली. चाचपडत मी समोरच्या दवाखान्यात शिरले. डॉक्टर जेवायला गेले होते. आत होता फक्त कंपाउंडर… गोपाळकृष्ण.

"वर बघा, बाई."

"दिसत नाही हो काही!"

"म्हणून तर बिनधास्त वर बघा म्हणतो. दिसत असतं, तर लाजला असता."

काय हा आगाऊपणा! मी सणसणीत उत्तर शोधत होते, तेवढ्यात त्यानं हलक्या हातानं पापणी उचलली आणि बोरिकच्या कोमट पाण्यात भिजवलेला कापूस फिरवला. डोळा उघडला तेव्हा त्याचा चेहरा अगदी जवळ होता. ओठांवर हसू, पण डोळे… डोळे फार उदास. मला त्याचा राग यायला हवा होता. आलाच नाही.

मग मला वरचेवर डोकेदुखी होऊ लागली. आई म्हणाली, "चंदे, तुझं डोकं शाळा सुटायच्या वेळेलाच कसं गं दुखतं?" मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

गोपाळकृष्ण हसायचा खूप, पण त्याचा कशावरच विश्वास नव्हता. आईवडील लहानपणीच पटकीच्या साथीत गेले; अणदूरला मामांनी वाढवलं. त्यात हमरस्त्यावरचे अपघात रोज दवाखान्यात यायचे. बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवता चिकटवता तो म्हणायचा, "सकाळी चहा पिऊन निघालेला माणूस दुपारी नसतो, बाई. जीव लावायचाच कशाला?"

असल्या माणसानं नाटक लिहिलं, तर ते कसं असणार? वाचनालयाच्या वार्षिक उत्सवासाठी त्यानं तीन अंकी रहस्यनाटक लिहिलं होतं. गुप्तहेर सारंगधर, अर्थात तोच. सारंगधराच्या बायकोचा खून झालेला असतो आणि तो खुनी कधीच सापडत नाही. तेव्हापासून सारंगधर दुसऱ्यांचे खुनी शोधत फिरतो, पण देव, न्याय, प्रेम, काही म्हणजे काही मानत नाही. शेवटी कमळा नावाच्या विधवेच्या नवऱ्याचा खुनी तो पकडतो. ती विचारते, आता मी कशाच्या आधारावर जगू? तर हा म्हणतो, "कमळाबाई, माझ्याकडं आशा मागू नका. ती वस्तू माझ्यापाशी नाही." आणि चालू लागतो. या वाक्यावर पोस्टातल्या भाऊंनी दोरी सोडायची, की पडदा.

कमळा व्हायचे खाजाभाई शिंपी. नऊवारी नेसून असे मुरकायचे, की आम्ही बायकांनी शिकून घ्यावं. प्रॉम्प्टिंग आधी भाऊच करायचे. पण त्यांचा आवाज नटाच्या आधी प्रेक्षकांना ऐकू जायचा. म्हणून मला विंगेत उभं केलं. "पडद्यामागंच राहायचं," एवढ्या बोलीवर माझ्या वडिलांनी, विष्णुपंतांनी, परवानगी दिली.

गोपाळकृष्णाला स्वतःचंच नाटक पाठ नव्हतं! अडला की विंगेकडं बघायचा. मी शब्द टाकला, की त्याच्या तोंडून तो आपोआप बाहेर पडायचा. पुढं पुढं तर अडला नाही तरी बघायचा.

थंडीचे दिवस. एकदा तालीम लवकर संपली. शाळेच्या अंगणात सगळे शेकोटीभोवती हुरडा खात बसले. आम्ही दोघं जरा बाजूला.

"तुमचा सारंगधर लबाड आहे," मी म्हटलं.

"आता त्या बिचाऱ्यानं काय केलं?"

"कशालाच अर्थ नसेल, तर खुनी शोधत उन्हातान्हात फिरतो कशाला? खुशाल घरी झोपावं की! त्याला आशा आहे. नुसती लपवतोय."

तो हसला. तळहातावरचे दाणे फुंकले आणि निम्मे माझ्या ओंजळीत टाकले. "बाई… तुम्ही सारंगधराचा तपास करताय, का माझा?"

"तुमचा करायला वेळ कुठं आहे? रविवारी मला बघायला सोलापूरची माणसं येणार आहेत."

त्याचा हात थांबला.

"असं… मुलगा काय करतो?"

"जेवतो, झोपतो. बाकी विचारलं नाही." मी त्याच्याकडं बघत राहिले. "तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"मी काय म्हणणार? माझ्या जवळ आलेलं माणूस टिकत नाही. तुम्ही… तुम्ही सोलापुरात सुखी राहा."

मी त्याचे दाणे त्याच्या हातात परत कोंबले आणि तरातरा घरी आले. उशीत तोंड खुपसून रडले. मला तो आवडत होता. खूप आवडत होता. वडील समंजस. ते म्हणाले होते, "तुझ्या मनात दुसरं कुणी असेल तर सोलापूरला नकार कळवतो. पण पोरी, त्यानं मागणी घालायला हवी. मी कुणाच्या दारी जाऊन विचारणार नाही." आणि हा शहाणा मला सुखी राहा म्हणत होता!

शनिवारी दुपारी बायकांचा खास खेळ होता. पुरुषांना बंदी, संध्याकाळचा खेळ त्यांचा. मंडप लेकुरवाळ्यांनी गच्च भरला. पुढंच माझी आई, तिच्या शेजारी शेंगा विकणारी शिवम्मा. आमच्या बायका काही मुकाट्यानं नाटक बघत नाहीत. खुनी आला की बोटं मोडायच्या, कमळा रडली की पदर डोळ्याला.

शेवटचा प्रवेश आला. मंडपातले हुंदके ऐकून खाजाभाईंच्या अंगात कमळा संचारली. नाटकात नव्हतं, तरी त्यांनी धावत जाऊन सारंगधराचा कोटच धरला.

"थांबा की हो सायेब! मला अशी टाकून कुठं निघालात?"

गोपाळकृष्ण बावचळला. पुढचं वाक्य पार उडालं. सवयीनं त्यानं विंगेकडं बघितलं.

मला फक्त म्हणायचं होतं, "कमळाबाई, माझ्याकडं आशा मागू नका." तोंडही उघडलं मी. पण त्या उदास डोळ्यांकडं बघून माझ्यानं ते म्हणवेना.

"थांबतो," मी हळूच म्हटलं.

"थांबतो!" तो खड्या आवाजात म्हणाला. आणि मग दचकला. आपण काय बोललो हे त्याला आत्ता कळलं होतं.

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवम्मा उठून उभी राहिली. "अय्यो, शाणा हाय गं! धरून ठिव त्याला, सोडू नगंस!"

आता पंचाईत झाली. भाऊ दोरी धरून आपल्या वाक्याची वाट बघत उभे. ते वाक्य आल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी पडदा पडणार नव्हता. गोपाळकृष्णाच्या कपाळावर घाम. त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"भीती वाटते," मी म्हटलं, "…पण थांबतो."

या वेळी शब्द आपोआप बाहेर पडले नाहीत.

"भीती वाटते," तो सावकाश म्हणाला. "फार वाटते. पण थांबतो."

माझ्याकडं आता पुरवायला काही उरलं नव्हतं. मी मान हलवली. पुढं तो स्वतःच बोलला, आणि विंगेकडं बघूनच बोलला.

"माणसं जातात, हे मी लई बघितलंय. म्हणून कुणाला जवळच येऊ दिलं नाही. मला वाटलं, तेवढं दुःख वाचलं. कुठलं वाचतंय! ती सोलापूरला जाणार म्हणून चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही…"

"कोण जाणार?" कमळाबाईंनी पुरुषी आवाजात विचारलं. मग खाजाभाईंनी त्याची नजर कुठं आहे ते बघितलं, आणि एकदम गालातल्या गालात हसले. "अरे भाई, मग इथं मला काय सांगतोस? जा की तिकडं!"

तो तडक पुढं आला आणि रंगमंचावरून खाली उतरला. माझ्या आईसमोर जाऊन हात जोडले. घामानं त्याची खोटी मिशी एका बाजूनं सुटून लोंबत होती.

"काकू, मी दवाखान्यातला गोपाळकृष्ण. मला पगार बेताचा आहे, घरचं मोठं माणूस मामांशिवाय कुणी नाही. पण… चंद्रप्रभेला मागणी घालायला तुमच्याकडं यायचं म्हणतो. आजच."

आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग विंगेतून डोकावणाऱ्या माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा तिला बहुतेक पुरेसा होता.

"या की," ती म्हणाली. "पण मिशी काढून या बाबा. आमच्या ह्यांना जावई नीट दिसू दे."